वही पडवीतच ठेवा

वाचकांचे प्रश्न : कामाचा ताण
(उत्तरे देणाऱ्या ताई 22 वर्षे बँकेत अधिकारी होत्या. आता रत्नागिरीत समुपदेशन करतात.)

प्रश्न : ताई, मी दापोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत वसुली बघतो. वय 36. माझ्याकडे किनाऱ्याची गावं आहेत, हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले, आडे. निम्मे कर्जदार होडीवाले, बाकीचे आंबा-काजूवाले. यंदा मोहर चांगला आला आणि अवकाळीत गेला. होडीवाल्यांची जून-जुलैत बंदी असते, तेव्हा त्यांच्याकडे मागायचं काय? पण टार्गेट बाराही महिने तेवढंच. रात्री साडेदहाला ग्रुपवर यादी पडते, कोणी किती वसूल केलं त्याची. माझं नाव लाल रंगात असतं. एका थकीत खात्याला माझा चुलतभाऊच जामीनदार आहे. गणपतीत आरतीला गेलो तर दोन-तीन माणसं उठून बाहेर गेली, असं मला वाटलं.

चार महिन्यांपूर्वी आसूदच्या उतारावर गाडी चालवताना एकदम छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या, दरदरून घाम. म्हटलं, आता काही आपण घरी पोचत नाही. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, सगळं नॉर्मल. 'गॅस असेल' म्हणाले. त्यानंतर तीनदा तसंच झालं. आता त्या रस्त्याने एकटा जात नाही. सहकाऱ्याच्या मागे बसतो, नाहीतर फोनवरच भागवतो. झोप यावी म्हणून रात्री थोडी घेतो, तरी साडेतीनला टक्क जाग येते. बायको म्हणते, सोडा ही नोकरी. मला तर कधी कधी सगळंच सोडून निघून जावंसं वाटतं. काय करू?
– वसुलीवाला, दापोली

उत्तर : पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. 'सगळंच सोडून निघून जावंसं वाटतं.' निघून म्हणजे कुठे? मुंबईला मेहुण्याकडे, की जगातूनच? सरळ विचारते, कारण आडवळणाने विचारलं की माणूस उत्तरही आडवळणानेच देतो. जगातूनच जावं असं मनात येत असेल तर हे उत्तर इथेच बाजूला ठेवा, बायकोला सांगा आणि 14416 ला फोन लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाहेरच्या बाहेर दाखवून परत जाता येतं. 'याला आता रत्नागिरीला न्यायला हवं' ही आपल्याकडची जुनी थट्टा मला ठाऊक आहे. केसपेपर हातात धरून रांगेत बसलेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले मी पाहिले आहेत. तपासून झालं की ते एसटी पकडून कामावर जातात.

आता उतारावरचं. ते काय असतं हे सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. 31 मार्चची रात्र, पावणेनऊ वाजलेले, शाखेत आम्ही चौघं. 1,800 रुपयांचा फरक काही केल्या सापडत नव्हता आणि साहेबांचा तिसरा फोन येऊन गेला होता. माझ्या बोटांतून पेन गळून पडलं. छातीत ढोल वाजत होता. मी गळ्यातलं काढून शेजारच्या बाईंच्या हातात दिलं, 'मुलीला द्या' म्हणून. रिक्षाने दवाखान्यात नेलं, कार्डिओग्राम स्वच्छ. फरक दुसऱ्या दिवशी सापडला, कोणीतरी 3,500 चे 5,300 लिहिले होते. आकडे उलटले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, हे शाखेतल्या शिपायालासुद्धा माहीत असतं. त्या रात्री चौघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. घाबरलेल्या डोक्याची ही गत होते.

याला पॅनिक अटॅक म्हणतात. 'गॅस' हे त्याचं नाव नव्हे, आणि डॉक्टरांनी तसं सांगून तुमची चार महिने दिशाभूल केली असं मी म्हणेन. धोका आहे असं मेंदूला वाटलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, पळायची तयारी म्हणून. काळीज जोरात चालतं, श्वास उथळ आणि भराभर होतो. त्या भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे हातांना मुंग्या येतात, गरगरतं. म्हणजे हवा कमी पडते असं वाटतं तेव्हा तुम्ही ती गरजेपेक्षा जास्त ओढत असता. 'मोठ्ठा श्वास घ्या' असं शेजारी उभा असलेला प्रत्येक जण सांगतो, ते त्या वेळी ऐकू नका. लक्ष ठेवायचं ते सोडण्यावर. मनात चार मोजेपर्यंत आत, सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, ओठ जरा मिटून, गरम चहावर फुंकर मारतो तसं. साधारण दहा मिनिटांत ते टोकाला जातं आणि मग ओसरतं. गाडीवर असताना आलं तर आधी गाडी बाजूला घ्या, बाकी सगळं नंतर.

एक बजावते. चढ चढताना छाती दाबली गेल्यासारखी वाटली, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर 'ताईंनी पॅनिक सांगितलंय' म्हणून घरी बसू नका. चार महिन्यांपूर्वीचा कार्डिओग्राम आजची हमी देत नाही. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, ते वाढलं तरी असंच धडधडतं.

रस्ता टाळणं मात्र थांबवा. पहिल्या दिवशी टाळलात तेव्हा हायसं वाटलं असेल, आणि त्या हायसं वाटण्यानेच मेंदूची खात्री पटली की उतारावर खरंच वाघ आहे. एखाद्या रविवारी सकाळी, वसुलीची वही घरी ठेवून, बायकोला मागे बसवून आसूदला जा. उतारावर गाडी लावा आणि वीस मिनिटं नुसते बसा. धडधडलं तर धडधडू दे, ओसरेपर्यंत उठायचं नाही. असं दोन-तीनदा झालं की एकटे जा. मग कामाच्या दिवशी जा. एकदम हर्णै गाठायची मर्दुमकी नको.

दिवसाला चहा किती होतात ते मोजलंत का? मी दापोलीकडे कर्जाच्या पाहणीला यायची तेव्हा माझे आठ-नऊ व्हायचे. आपल्याकडे वसुलीवाल्यालाही चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ज्याच्याकडे हप्ता नसतो तो तर हटकून देतो, तोही कडक. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो. दुपारनंतर कोकम सरबत मागा. कोणी रागावणार नाही, उलट घरचं आगळ आहे म्हणून कौतुकाने देतील.

'थोडी घेतो' म्हणजे किती हे तुम्ही लिहिलं नाहीत. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण तिचा अंमल उतरायला लागला की पहाटे तीच माणसाला उठवते. तुम्हाला साडेतीनला जाग येते, त्यात मला पहिला संशय तिचाच आहे. रोजची असेल आणि बरीच असेल तर एका रात्रीत तोडू नका, त्याने हातपाय कापतात, कधी फेफरंही येतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा.

इथपर्यंत झालं ते शरीराचं. पण श्वास मोजून रात्री साडेदहाची यादी यायची थांबणार नाही, आणि तुम्हाला नुसते श्वास शिकवून परत पाठवणं मला पटत नाही. रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1979 मध्ये मांडलं होतं की नुसत्या जास्त कामाने माणूस तितका खचत नाही. काम जास्त आणि त्यात आपल्याला विचारतो कोण, अशी गत असली की खचतो. वसुलीचं काम तंतोतंत असं आहे. कर्ज मंजूर केलं दुसऱ्यांनी, पाऊस पाडला तिसऱ्यानेच, आणि उंबऱ्यावर उभं राहायचं तुम्ही. आणखी एक गंमत पाहा. थकीत कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांना बजावलं. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, तुमच्यावर तो नियम थेट लागू नाही. पण वसुली करणाऱ्याला रात्री किती वाजेपर्यंत छळायचं, यावर तर त्यात एक ओळही नाही.

तेव्हा तुमचा शब्द चालेल अशा जागा शोधा. मला तीन दिसतात. चुलतभाऊ जामीनदार असलेलं खातं दुसऱ्याकडे द्या, असा अर्ज मॅनेजरला करा. तोंडी नको, लेखी, आणि आवक नंबर घ्या. नात्यातलं खातं अंगावर ठेवणं संस्थेच्याही सोयीचं नाही, हे कोणताही लेखापरीक्षक मान्य करेल.

दुसरी जागा होडीवाल्यांची. बंदीचे महिने काही अचानक येत नाहीत, दरवर्षी येतात. तरी बारा सारखे हप्ते लावणाऱ्याने समुद्र पाहिला नसावा. तुमच्याकडच्या होडीच्या खात्यांची यादी करा, मागच्या तीन वर्षांत जून-जुलैचा हप्ता किती जणांचा आला ते समोर लिहा, आणि हप्ते ऑगस्ट ते मे असे बसवावेत म्हणून संचालक मंडळापुढे ठेवायला टिपण द्या. मंजूर होईल असं मी म्हणत नाही. आमच्याकडे असं टिपण दोन वर्षं कपाटात पडून होतं. पण ते दिल्यापासून मला मोहल्ल्यात मान वर करून चालता यायला लागलं. कर्जदारालाही सांगता येतं, 'बाबा रे, तुझ्यासाठी लिहून दिलंय.'

तिसरी ग्रुपची. 'रात्री नऊनंतर मी ग्रुप बघत नाही, सकाळी साडेआठला बघून उत्तर देईन,' हे मॅनेजरला समोर जाऊन, शांतपणे, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगा. शेवटच्या आठवड्यात सांगितलंत तर ते भांडण होईल. मग खरोखरच साडेआठला उत्तर द्या, रोज, न चुकता. पंधरा दिवसांत त्यांना सवय होते.

त्या 31 मार्चनंतर मला ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी विचारलं होतं, घरी गेल्यावर बॅग कुठे ठेवता? मी म्हटलं, पलंगाशेजारी. त्या हसल्या. तेव्हापासून माझी बॅग पडवीत खुंटीवर. पायताण पडवीत राहतं ना, तशीच वसुलीची वहीही पडवीत राहू दे. ओटीवर नको, माजघरात तर नकोच. संध्याकाळी साडेसहाला तिथेच वीस मिनिटं बसा आणि जी काळजी असेल ती कागदावर उतरवा, शेजारी लिहा की उद्या यात मला काय करता येईल. काहीच करता येत नसेल तर रेघ मारा. पहाटे साडेतीनला तेच आकडे आले की त्यांना सांगा, साडेसहाला या. पहिले आठ दिवस ते ऐकत नाहीत.

आरतीतून माणसं उठून गेली 'असं मला वाटलं', असं लिहिलंत. 'मला वाटलं' हे शब्द तुम्ही घातलेत म्हणून मला तुमची फार काळजी वाटत नाही. आरती लांबली की आमच्याकडेही दोन-तीन जण उठतात, तंबाखूला.

नोकरी सोडायची की नाही हे मी सांगणार नाही. पुढचा मोहर धरेपर्यंत एवढं करून बघा, एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा, मग नवरा-बायको बसून ठरवा. सोडलीत तरी हरकत नाही. फक्त आसूदच्या उताराला घाबरून सोडू नका, कारण पुढच्या नोकरीच्या वाटेवरही एखादा उतार असतोच.

प्रश्न : गुहागर तालुक्यात समुद्राजवळ आमच्या तीन खोल्या आहेत, पाहुण्यांना राहायला देतो. स्वयंपाक मीच करते. वय 44. मे महिना, दिवाळी, नाताळ, पहाटे पाच ते रात्री बारा. मागच्या महिन्यात एकाने मोबाइलवर एकच तारा देऊन लिहिलं, 'सोलकढी पाण्यासारखी, मालकीणबाई घुम्या.' मी ते दिवसातून दहा वेळा वाचते. नवे पाहुणे आले की पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात, आम्ही चिखलात लावणी केली, तुम्हाला पंख्याखाली कसला ताण?
– गुहागरची वाचक

उत्तर : सोलकढी पातळच असते हो. त्या गृहस्थांना आमटी हवी असणार.

सासूबाईंचं मी खोडून काढणार नाही, लावणीत पाठ मोडते. पण भाताच्या रोपाकडे बघून त्यांना हसावं लागत नव्हतं. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाई सुंदऱ्यांचा अभ्यास करून 1983 मध्ये लिहिलं की गिऱ्हाइकासमोर ठरलेला चेहरा धरून ठेवणं हेही एक काम आहे, मेहनतीचं, आणि ते कोणी मोजत नाही. तुम्ही पहाटे पाचपासून ते करता, वर सुरमई तळता. रात्री दहानंतर चेहरा उतरला की लोक त्याला घुमेपणा म्हणतात.

त्या शेऱ्याला दोन ओळींचं उत्तर द्या. 'आपण आलात, आभार. सोलकढी आमच्याकडे ताज्या नारळाच्या दुधाची, पातळच करतात.' एवढंच. मग ते ॲप तुमच्या फोनमधून काढा आणि मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर घाला. दर सोमवारी त्यांनी वाचून दाखवायचं, चांगलं आधी. आत्ता तुम्ही पन्नास चांगल्यांकडे पाहत नसाल आणि त्या एकाला पाठ करत असाल, माणसाचं मन असंच चालतं, त्यात तुमची काही खोट नाही.

स्वयंपाकघर साडेनऊला बंद, अशी पाटी लावा. मुंबईहून निघालेली मंडळी रात्री साडेअकराला पोचून 'ताजं मिळेल का' विचारतात, त्यांच्यासाठी पिठलं-भात झाकून ठेवा, आणि तुम्ही झोपा. हंगामातही आठवड्यातला एक वार खोल्या द्यायच्या नाहीत. मंगळवार धरा, गर्दी कमी असते. तेवढे पैसे जातील, ते शनिवारच्या दरात बसवा. यजमानांना हे पटवायला वेळ लागेल. 'मी आजारी पडले तर तिन्ही खोल्या बंद,' हा हिशेब त्यांना लवकर कळेल.

आणि वय 44 लिहिलंत म्हणून विचारते. पाळी मागेपुढे होते का, अंगातून वाफा येतात का, रात्री घामाने जाग येते का? तसं असेल तर हिमोग्लोबिन बघा आणि बायकांच्या डॉक्टरांना भेटा. निम्मा गोळा तिथूनही येत असेल.

प्रश्न : मी खेडजवळच्या औद्योगिक वसाहतीत ऑपरेटर आहे, तीन पाळ्या फिरत्या. वय 27. रात्रपाळीनंतर दिवसा झोप येत नाही, कामावर चूक होईल अशी सारखी भीती वाटते. मित्र एक छोटी गोळी देतो, ती घेतली की मस्त वाटतं. रोज घेतली तर चालेल का?
– ऑपरेटर, खेड

उत्तर : नाही चालणार. नाव लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून ती अल्प्राझोलामसारखी असावी. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, त्याला कारण आहे. काही आठवड्यांत तिची सवय लागते, मग तेवढ्याच गोळीने भागत नाही. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. तुम्ही महिनाभर रोज घेत असाल तर स्वतःहून झटक्यात बंदही करू नका, डॉक्टरांकडे मित्राची ती पट्टी घेऊन जा आणि खरं सांगा. ते रागावतील, रागावू देत.

झोपेसाठी एवढं करा. पाळी सुटल्यावर घरी येताना डोळ्यांवर काळा चष्मा, कारण उन्हाने शरीराला वाटतं दिवस उजाडला. घरी आलात की चहा न पिता थोडं खाऊन झोपा. खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत, आणि आईला सांगा की दुपारी दोनपर्यंत पोस्टमन आला तरी उठवायचं नाही. पाळी सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरली तर शरीर जरा बरं जुळवून घेतं. तुमच्याकडे उलटी फिरत असेल तर चारपाच जणांनी मिळून सुपरवायझरशी बोला.

आणि रात्रपाळीनंतर, विशेषतः गोळी घेतलेली असेल त्या दिवशी, मोटारसायकल काढू नका. कंपनीची बस असेल तर तिने या, नाहीतर कोणाच्या तरी मागे बसा.